मागच्या टोकाला लागणारं वजन

घामाची मला लहानपणापासून किळस आहे. रत्नागिरीत जन्माला येऊन घामाची किळस बाळगणं हा मूर्खपणा आहे, हे मलाही कळतं. इथे माणूस आंघोळ करून बाहेर येतो आणि अंग पुसतो, तेव्हा पाणी कुठलं आणि घाम कुठला हे टॉवेललासुद्धा सांगता येत नाही. तरीही आहे. दुसऱ्याचा घाम लांबच राहो, स्वतःच्या मानेवरून ओघळ खाली पाठीत उतरला की मला माझ्यापासून दोन हात लांब उभं राहावंसं वाटतं. अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर रोज मुद्दाम, ठरवून, पैसे भरून घाम काढायची वेळ आली. ती शिमग्यामुळे.

आमचं गाव हातखंब्याच्या पुढे, हायवेवरून आत. शिमग्यात गावची देवी पालखीत बसून घरोघर येते आणि प्रत्येक अंगणात तिची पालखी नाचवतात. नुसती उचलून फिरवत नाहीत, नाचवतात. ढोल घुमायला लागले की एका लांब दांडीला लटकलेली ती पालखी खांद्यांवर उसळते, झुकते, गिरक्या घेते, आणि खालचे लोक तिच्याबरोबर. दांडीला पुढे दोन खांदे, मागे दोन. त्यातलं मागचं अगदी शेवटचं टोक आमच्या घराचं. ते आजोबांनी धरलं, वडिलांनी धरलं. वडिलांच्या उजव्या खांद्यावर दांडीचा घट्टा पडला होता, शिंपी त्या बाजूला सदऱ्याचं कापड जरा सैल सोडायचा. त्यांच्यानंतर ते टोक माझ्याकडे आलं आणि मी ते बरीच वर्षं धरलंही. पण त्या वर्षांत नोकरी खुर्चीतली, बायकोच्या हाताला चव, आणि माझं पोट असं वाढत गेलं की पायातल्या चपला आपल्याच आहेत की नाहीत हे देवळाबाहेर मला पायाने चाचपून ओळखावं लागे.

त्या वर्षी पहिली काही घरं झाली आणि माझा श्वास संपला. संपला म्हणजे डब्यातलं पीठ संपतं तसा संपला. डोळ्यांपुढे काजवे, कानात ढोलापेक्षा मोठा ढोल. मी कसाबसा खांदा बाजूला केला आणि शेणाने सारवलेल्या दुसऱ्याच्या स्वच्छ अंगणात, रांगोळीपासून हातभर अंतरावर, सकाळच्या दोन पुरणपोळ्या आणि वरून प्यायलेलं कोकम सरबत देवीच्या समोर बाहेर काढलं. रंग कसा होता ते लिहीत नाही. त्या घरच्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. ती आत जाऊन राखेचं घमेलं घेऊन आली, हे जास्त वाईट झालं.

टोक खाली पडायच्या आत माझ्या चुलतभावाने धरलं. तो धाकट्या घरचा, गावातच राहतो, आंब्याची बाग बघतो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान आणि आडवा. उरलेली घरं त्याने केली. सगळं झाल्यावर पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावर, टेकली आणि थोरले काका माझ्याकडे आले. पालखीचं सगळं तेच बघतात. कोण पुढे, कोण मागे, कोणाचा खांदा कधी बदलायचा, सगळं त्यांच्या तोंडून.

"पोटात काय भरून आलावतास?" ते म्हणाले.

मी उपरण्याने तोंड पुसलं.

"पुढल्या वर्साला दम घेऊन ये. नायतर टोक धाकट्या घराकडं जायल. गेलं की गेलं. मंग मागू नको."

चुलतभाऊ शेजारीच होता. तो प्रेमाने म्हणाला, "दादा, तू टेन्शन घेऊ नको. मी हाय." हे वाक्य मला वर्षभर पुरलं.

रत्नागिरीला परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयाने माझ्याएवढेच, आणि सांगायला हरकत नाही, पोटानेही माझ्याएवढेच. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, फक्त फार लांबून काम करतंय. वजन उतरवा. कार्डिओ करा."

"किती?"

"दम लागला पाहिजे, पण बेताचा. चालता चालता बोलता यायला हवं, गाणं म्हणता येता कामा नये. एवढं जमलं की प्रमाण बरोबर."

हे माप पुण्यात चालत असेल. आमच्याकडे नाही चालत. मी सकाळी समुद्रावर चालायला जाणाऱ्या चौघांच्या घोळक्यात सामील झालो आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, की आमची माणसं कुठल्याही अवस्थेत बोलू शकतात. चढावर बोलतात, खोकताना बोलतात, दाताखाली काडी धरून बोलतात. त्यामुळे डॉक्टरांच्या मापाने आम्ही सगळे रोज पास. खरं तर आमचा वेग इतका होता, की भरतीचं पाणी आमच्याहून आधी पोचायचं. जमिनीचा कज्जा निघाला की सगळे जागच्या जागी उभे राहायचे, कारण कज्जा चालत सांगता येत नाही.

आणि समुद्र. लोक त्याचे फोटो काढतात. सकाळी सहाला तिथे काय असतं ते फोटोत येत नाही. ओल्या वाळूत पसरलेले थलथलीत जेलीफिश, पाय पडला की फस्स होणारे. रात्रीच्या पार्टीचे कागद, त्यातला उरलेला मसाला चाटणारी कुत्री, आणि कुत्र्यांनी आधी केलेलं सगळं. कडेला तांब्या घेऊन एक गृहस्थ रोज उभे असत. ते जिभेवरून दोन बोटं इतकी आत घालायचे, की आता कोपर जातं की काय असं वाटावं, आणि मग जो आवाज काढायचे तो ऐकून माझा चहा वर यायचा. पाठोपाठ आमच्यातलाच एक जण सगळ्यांना पेलाभर कारल्याचा रस पाजायचा. हिरवा, कोमट, फेसाळ. तो प्यायल्यावर तोंडाची चव जावी म्हणून टपरीवर चहा, आणि चहा नुसता कसा घ्यायचा म्हणून वडा.

संध्याकाळी एकटा चालायचं ठरवलं तर तिसरीच तऱ्हा. आमच्याकडे माणूस कामाशिवाय चालत नाही. चालताना दिसला म्हणजे त्याची गाडी बंद पडली आहे. घाटीच्या चढावर मी घामाने निथळत, तोंड वाकडं करून चाललेलो असे आणि दर दोन मिनिटांनी एक स्कूटर थांबे.

"काय झालं? पेट्रोल संपलं?"

"नाही, चालतोय."

"असा काय चालतोस? बस मागे."

"व्यायाम आहे हो."

"व्यायाम उद्या कर. बस. अंधार पडतोय."

नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. हा आता आपल्या स्कूटरवर बसत नाही, आपल्याशी काही बिनसलं आहे, असं घरी जाऊन बायकोला सांगतो. मग मी बसायचो. तो मला घरी न सोडता आधी त्याच्या घरी न्यायचा, आणि तिथे घावन असायचे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी डॉक्टरांच्या काट्यावर उभा राहिलो. वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काटा बिघडला असेल असं म्हणाले. सज्जन माणूस.

पावसात समुद्र बंद झाला. चालायच्या बुटांना आत पांढरी बुरशी आली, एका बुटात मऊसूत काहीतरी हललं, आणि मी तो जोडा तसाच उचलून टाकला. मग जिम.

जिम एका दुकानाच्या वर होती. पूर्वी तिथे खतांचं गोदाम होतं. खिडक्या बंद, कारण पाऊस. पंखे चालू, म्हणजे वास एका जागी न राहता सगळ्यांना सारखा मिळावा. ओल्या गोधडीत कोणी सोललेला कांदा गुंडाळून ठेवला आणि महिनाभर विसरला, तर जे होईल ते. शिकवणारा दंडावर मांजर गोंदवलेला जवान होता. त्याने मला पहिल्या दिवशी "काका, तुम्ही फक्त ट्रेडमिल" असं म्हणून एका पट्ट्यावर चढवलं. माझ्या आधीचा माणूस नुकताच उतरला होता. पट्ट्यावर त्याच्या घामाचे थेंब होते, आणि धरायच्या दांड्या ओल्या, किंचित कोमट. मी त्या धरल्या. आजही आठवलं की हात साबणाने धुवावासा वाटतो.

समोर भिंतभर आरसा. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली कोण जाणे. एक जाड माणूस लालबुंद होऊन, तोंड उघडं टाकून, टी-शर्टातून पोट पुढेमागे हलवत माझ्याच दिशेने पळत येतो आहे आणि पोचत नाही, हे रोज बघायचं. मी डोळे मिटून पळायचा प्रयत्न केला आणि पट्ट्याने मला मागच्या सायकलवर नेऊन टाकलं.

पण वजन उतरायला लागलं. आणि तिथेच माझी अक्कल गेली. इतक्या घाणीचं फळ मिळतंय, तर दुप्पट घाणीचं दुप्पट मिळेल, असा सरळ हिशेब मी केला. सकाळी जिम, संध्याकाळी पुन्हा जिम. रविवारी ती बंद, तर घरातल्या जिन्यावर वरखाली. जेवणात वाटपाशिवायचं कालवण, म्हणजे हळदीच्या पाण्यात आंघोळ करणारा मासा. सकाळी ओट्स. लग्नपत्रिकेची पाकिटं चिकटवायला आम्ही खळ करायचो ती याच्यापेक्षा चवदार दिसायची. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग मी खायचो आणि पिवळा बायको माझ्यासमोर बसून, मीठ-मिरपूड लावून खायची.

कपड्यांवरून घरात ठराव झाला. "तुमचे ते मी मशीनमध्ये टाकणार नाही," बायको म्हणाली. "माझ्या ओढण्यांना वास लागतो." मागच्या पडवीत एक निळी बादली आली. पावसात वाळत तर काही नाहीच. कालचा टी-शर्ट आज अंगात घालताना थंडगार, लिबलिबीत पाठीला चिकटायचा, मेलेल्या बेडकासारखा. शेजारची मांजर त्या बादलीपाशी येऊन हुंगायची आणि मागे सरायची. मांजर, जी मासळीबाजाराच्या कचऱ्यात लोळते.

दिवाळीपर्यंत पँटी कमरेवरून घसरायला लागल्या. गाल आत गेले. मी खूश, पण आमच्याकडे बारीक झालेल्या माणसाला शाबासकी देत नाहीत, त्याचं सांत्वन करतात. "शुगर निघाली काय?" असं बँकेत, बाजारात, लग्नात सगळे हळू आवाजात विचारू लागले. एका बाईंनी जांभळाच्या बियांची पूड घरी पोचवली. ऑफिसात मी जेवल्यावर खुर्चीतच झोपू लागलो, गुडघे जिन्यावर कटकट वाजू लागले, आणि कोणी बरं बोललं तरी मी वसकन अंगावर जायचो. शेवटी बायको मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून चष्मा काढला. "मी तुम्हाला दम वाढवायला सांगितलं होतं. तुम्ही माणूसच कमी करताय."

"वजन उतरवा म्हणालात."

"उतरवा म्हणालो, उधळा नाही म्हणालो. अर्ध्यावर या. आणि जेवा नीट."

"अर्धं म्हणजे नेमकं किती?"

"जेवढा व्यायाम करून घरी आल्यावर बायकोशी धड बोलता येईल, तेवढा."

"म्हणजे बंदच करा," बायको म्हणाली.

मी ऐकलं नाही. शिमगा जवळ येत होता आणि माझ्या डोक्यात ते अंगण होतं, राखेचं घमेलं होतं, आणि "मी हाय" म्हणणारा चुलतभाऊ होता. या वर्षी टोक माझ्या खांद्यावरून हललं नाही पाहिजे. मी पळत राहिलो.

शिमग्याला गावी पोचलो तो दिवस. देवळासमोर पालखी सजत होती. काकांनी मला खालून वर बघितलं. मी छाती पुढे काढली, म्हणजे जेवढी उरली होती तेवढी.

"आजारी व्हतास?" ते म्हणाले.

"नाही काका. दम कमावलाय. आता दिवसभर नाचवीन."

"आणि आंग कुठं ठेवलंस?"

"उतरवलं."

काकांनी कपाळाला हात लावला. "मेल्या, तुला मागच्या टोकाला ठेवला कशाला, ठाव हाय? पुढची दोघं पोरं उड्या मारतात. ती वर गेली की मागं धरून ठेवायला भार लागतो. तुजा बापूस काय बारीक व्हता? आजा काय बारीक व्हता? आमी दम मागितला, आंग कोणी मागितलं तुज्याकडं?"

आजूबाजूचे हसले. पण आमच्या घरातल्या पिढ्यान्पिढ्यांच्या पोटांचं मानाशी काय नातं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी ज्याला मान समजत होतो, त्याला ते लोक वजन समजत होते.

तरी टोक माझं होतं. ढोल सुरू झाले, मी खांदा लावला. पहिल्याच अंगणात पुढची पोरं उसळली आणि दांडीने मला जमिनीवरून उचललं. खरंच उचललं. माझे पाय हवेत हलत होते आणि दांडी गळ्याजवळच्या हाडावर, जिथे पूर्वी चांगला मांसाचा थर होता, थेट आपटत होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एका अंगणात मी असा लोंबकळलो, दुसऱ्यात पालखी माझ्या बाजूने तिरकी झाली आणि देवीचा हार घसरला. तेव्हा काका ओरडले, "खांदा बदल." चुलतभावाने टोक घेतलं. पालखी सरळ झाली.

मी मागून चालत राहिलो. हातात कोणाच्यातरी चपला दिल्या होत्या. खांद्यावरची साल निघाली होती, त्यात गुलाल भरून चिकट लगदा झाला होता आणि त्यावर माशी बसत होती. सगळ्यात शिसारी कशाची आली सांगू? मला दमच लागला नव्हता. महिनोन्महिने त्या कुबट गोदामात मिळवलेला श्वास छातीत जसाच्या तसा पडून होता, आणि त्याचं करायला काही नव्हतं.

आमचं घर वाडीच्या वरच्या अंगाला आहे. तिथे पालखी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. चुलतभाऊ चार-पाच घरांपूर्वीच बोलायचा बंद झाला होता. आमच्या अंगणाखालच्या पायऱ्यांवर त्याचा चेहरा मला दिसला आणि मी तो ओळखला. आरशात रोज बघितला होता. लालबुंद, तोंड उघडं, डोळे कुठेतरी लांब. वर अंगणात बायको ओटीचं ताट घेऊन उभी होती.

"दादा," तो म्हणाला. त्याच्या पुढे शब्द येईना. "धर."

"मी वर जातो रे. उडतो."

"तू खांदा दे." तो थांबला, श्वास घेतला. "मी लटकतो."

काकांनी ऐकलं. त्यांनी ढोलवाल्यांना हात केला, ढोल जरा थांबले. मग ते आम्हा दोघांकडे असे बघू लागले, जसं माणूस बाजारात अर्धवट नासलेली दोन फळं बघतो आणि दोन्हीतलं चांगलं कापून एक होईल का याचा विचार करतो.

"व्हा पुढं," ते म्हणाले. "पण देवी पडली तर दोगांनाबी गावात घेणार नाय."

मी टोकाखाली गेलो. दांडी त्याच्या घामाने भिजलेली होती, नुसती ओली नाही, बुळबुळीत, कोमट, त्यात गुलाल आणि फुलांच्या पाकळ्या कालवलेल्या. सोललेला खांदा मी त्यात ठेवला आणि अंगावर शहारा आला. तो झोंबण्याचा नव्हता. मागून चुलतभावाने दोन्ही हातांनी दांडी पकडली आणि सगळं अंग सोडून दिलं. त्याचं पोट माझ्या पाठीवर टेकलं. त्याच्या हनुवटीवरून थेंब माझ्या मानेवर पडत होते, एकामागून एक, आणि सदऱ्याच्या आत उतरत होते. ढोल वाजले. पुढची पोरं उसळली. माझे पाय जमिनीवर राहिले.

आमच्या अंगणात पालखी किती वेळ नाचली ते मी मोजलं नाही. बायको नंतर म्हणाली की बराच वेळ नाचली, आणि आम्ही दोघं मागून एकाच सदऱ्यात घुसलेल्या दोन म्हशींसारखे दिसत होतो. मी बेंबीपासून श्वास घेत होतो, तो कानाशी धापा टाकत होता, आणि मधेच माझ्या कानात म्हणाला, "दादा, तुझ्या आंगाला वास कसला येतो रे?"

"जिमचा," मी म्हणालो. "जात नाही."

पालखी पुढच्या घराकडे निघाली तेव्हा काकांनी खांदा बदला असं म्हटलं नाही. आधी माझ्याकडे, मग चुलतभावाकडे बोट करून नुसतं म्हणाले, "टोक दोन्ही घरांचं. ह्यानं खावं, त्यानं पळावं." आणि पुढे चालू लागले. चुलतभावाने माझ्या उपरण्याने तोंड पुसलं, मानही पुसली, काखही पुसली, आणि ते परत माझ्या गळ्यात घातलं. मी ते काढलं नाही. पुढचं घर आलं होतं.